व्हर्ना कोवाल रोज हरायला येते

व्हर्ना कोवालच्या तोंडी लागू नये, हे आमच्या केल्डन गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हमरस्त्यावरच्या ‘पॉमरॉय’ कॉफीच्या दुकानात ती बावीस वर्षं काउंटरमागे उभी आहे, आणि एवढ्या वर्षांत तिनं गिऱ्हाइकाला ‘या, बसा’ म्हटल्याचं कुणी ऐकलेलं नाही. ऑर्व्हिल पेनर खुब्याचं ऑपरेशन करून दोन महिन्यांनी काठी टेकत दुकानात आला, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “आलास? मला वाटलं होतं, सुटले.” ऑर्व्हिल अजून हातमोजे काढत होता आणि त्याची कॉफी समोर येऊन वाफाळत होती.

तिचा जन्म गावाच्या उत्तरेला, बापाच्या शेतावर. लग्न डेनी कोवालशी झालं. ते लग्न कुणालाच पसंत नव्हतं, बहुधा डेनीलाही नव्हतं. एका हिवाळ्यात तो “एवढा एक हंगाम करून येतो” म्हणून अल्बर्टाच्या तेलविहिरींवर गेला आणि तिथंच एका दंतवैद्याच्या दवाखान्यातल्या बाईकडे बिऱ्हाड करून राहिला. काही दिवसांनी त्यानं फोन करून बर्फातले बूट पाठवायला सांगितलं. व्हर्नानं बसनं एकच बूट पाठवला. दुसऱ्याचं काय, म्हणून परत फोन आला, तर म्हणाली, “पाय घेऊन ये, देते.” डेनी आला नाही. दोन्ही पोरींना तिनं या काउंटरमागं उभं राहून वाढवलं, शिकवलं, कॅल्गरीला धाडलं. तो राहिलेला बूट तिच्या मागच्या दारात असतो आणि पायऱ्यांवरच्या बर्फावर टाकायचं मीठ ती त्यात ठेवते.

चार वर्षांपूर्वी दुकानाचा जुना मालक थंडीला कंटाळून ब्रिटिश कोलंबियात निघून गेला. तेव्हा व्हर्नानं बापाची जमीन विकली आणि दुकान स्वतः चालवायला घेतलं. आमच्याकडे माणूस मूत्रपिंड विकेल, पण जमीन विकणार नाही. सगळं गाव म्हणालं, बाईचं डोकं फिरलं. मीही म्हणालो. कारण पॉमरॉय ही मोठी कंपनी, देशभर शेकडो दुकानं. पाटी त्यांची, कप त्यांचे, कॉफी त्यांची. तोटा झाला तर तेवढा व्हर्नाचा.

आता आमच्या कट्ट्याबद्दल सांगतो. सकाळी नऊ वाजता पॉमरॉयच्या गोल टेबलाभोवती आम्ही सात जण बसायचो. मॅग्नस थॉर्लाक्सन, वय ऐंशीच्या पुढं, गावच्या कर्लिंग क्लबचा पन्नास वर्षं कप्तान. ऑर्व्हिल पेनर, ज्याच्याइतका चिक्कू माणूस सस्कॅचवनच्या मातीत दुसरा उगवला नसेल. मी, तीस वर्षं धान्याच्या कोठारावर काटा मारलेला. बाकीच्या चौघांची नावं सांगत बसत नाही, कारण ते चौघं मान हलवण्यापलीकडे कधी काही बोलत नाहीत. या वयात शेतं पोरांच्या ताब्यात गेलेली असतात आणि घरात बायकांना आमची अडचण होते. मग सकाळी जायचं कुठं? कट्ट्यावर बसून पोरं शेत कसं बुडवतायत, यावर आम्ही रोज एकमत करायचो.

पण कट्ट्याचा जीव होता आकड्यात. व्हर्ना मनात एक आकडा धरायची, एक ते हजारमधला, आणि पावतीच्या पाठीवर लिहून मुठीत ठेवायची. आम्ही पाळीपाळीनं एकेक आकडा बोलायचो. ती म्हणायची ‘वर’ नाही तर ‘खाली’. असं जाळं आवळत आवळत ज्याच्या तोंडून नेमका तो आकडा निघेल, तो हरला. त्यानं सगळ्यांची कॉफी पाजायची. खेळाला अक्कल लागत नाही, म्हणूनच तो आम्हाला जमतो. पण हरलेल्याची जी काय टिंगल व्हायची, ती दुपारच्या जेवणापर्यंत पुरायची. कॉफी कशीही असो, दुसऱ्यानं हरून पाजलेली असली की तिची गोडी काही और असते.

नवा माणूस टेबलावर आला की त्याला सुरुवातीला कापायचं, अशीही आमची रीत. त्यात व्हर्ना सामील असायची. तिचा हात एप्रनच्या नाडीकडे गेला की समजायचं, आकडा खालच्या टोकाला आहे; केसांकडे गेला की वरच्या. आम्ही बरोबर दुसऱ्या टोकाचं बोलायचो आणि नवखा बिचारा बिळात शिरल्यासारखा आकड्यावर जाऊन आदळायचा. गावात नवे पाद्री आले, ते महिनाभर हरले. मग त्यांनी चर्चमध्ये लोभावर प्रवचन दिलं. आम्ही पुढच्या बाकावर बसून माना डोलावल्या.

असं सगळं बरं चाललं होतं, तर टोरांटोहून कोल्टन आला.

कोल्टन म्हणजे कंपनीच्या मुख्य कचेरीतला पोरगा. दात फार पांढरे, पँट फार तोकडी, आणि गिऱ्हाइकाला तो ‘अतिथी’ म्हणायचा. कापणी उरकल्यावर तो आला, दोन दिवस कोपऱ्यात बसून काहीतरी टिपत राहिला, आणि गेल्यावर वरून हुकूम सुटले. गोल टेबल काढा. त्याच्या जागी खिडकीला लागून उंच स्टुलं लावा, म्हणजे लोक लवकर उठतील. काउंटरवर ऑर्डर घेऊ नका. दारात संगणकाचे पडदे बसवा, त्यावर बोट लावून ज्यानं त्यानं आपली कॉफी मागायची आणि कार्डानं आपापले पैसे भरायचे. आणि शेवटचा हुकूम असा, की दुकानात जुगार चालतो, तो ताबडतोब बंद करावा. जुगार म्हणजे आमचा आकडा. पाद्र्यांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

व्हर्नाकडून त्या कागदावर सही घेतली गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर टेबल नव्हतं. ती काउंटरमागं हाताची घडी घालून उभी होती, रात्रभर झोपली नसावी, आणि अशा वेळी तिची जीभ जास्तच धारदार होते. म्हणाली, “आजपासून आकडा बंद. वरून हुकूम आहे. खेळायचं असेल तर दुसरीकडे जा.”

मॅग्नस म्हणाला, “बरं.” आणि त्यानं टोपी घातली. आम्हीही टोप्या घातल्या.

आमच्याकडे भांडण म्हणतात ते एवढंच. कुणी आवाज चढवत नाही, कुणी कारण विचारत नाही, कुणी देत नाही. व्हर्ना एक शब्द पुढं बोलली असती, की बाबांनो माझाही नाइलाज आहे, तर आम्ही स्टुलांवरसुद्धा चढलो असतो. आमच्यापैकी एकानं विचारलं असतं, की अगं झालं काय, तर तिनं सांगितलंही असतं. पण तसं करायला तोंड उघडावं लागतं. ते कसब आमच्या भागात कुणाला अवगत नाही.

आम्ही गेलो रस्त्यापलीकडे, कर्लिंगच्या रिंकवर. तिथं आत बर्फावर दगड सरकवायचा खेळ चालतो आणि बाहेरच्या दालनात टेबलं-खुर्च्या असतात, कॉफीचं एक मोठं भांडं असतं. भांडं माझ्याहून थोरलं असेल. शनिवारी त्यातच सॉसेज उकडतात, असा माझा बरेच दिवसांचा संशय आहे. पण तिथं आकडा खेळता येत होता. मुठीत आकडा धरायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्यावर कुणाचाच विश्वास नव्हता आणि बाकीच्यांवर त्याहून कमी होता.

सात म्हाताऱ्यांच्या सात कपांनी दुकान बुडत नाही, असं कोल्टनला वाटलं असणार. पण कट्टा उठला तशी बाकीची माणसंही उठली. ट्रकवाले थांबायचे ते मोहरीचा भाव आमच्याकडून ऐकायला. विमा विकणारा यायचा, कारण आम्ही हलू शकत नसायचो. पंचायतीचा प्रमुख यायचा, गाव आपल्याला काय शिव्या देतंय ते बघायला. शिवाय आमच्या बायका यायच्या, आम्ही खरंच तिथं आहोत ना ते तपासायला. नाताळ येईपर्यंत पॉमरॉयची सकाळ अशी ओस पडली, की खिडकीतून बघितलं तर व्हर्ना आणि तिच्या हाताखालची मारिसेल, दोघीच पडदे पुसत असायच्या.

मग कंपनीचं पत्र आलं. मार्चअखेर सकाळची विक्री पूर्ववत झाली नाही, तर करार संपला. व्हर्नानं हे कुणाला सांगितलं नाही. मारिसेलनं फक्त पोस्टात सांगितलं, त्यामुळे दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. दुकान गेलं तर बाईच्या हाती काय राहणार? जमीन आधीच गेलेली. साठीला आलेली बाई, पोरींच्या दारात जाऊन बसण्यातली नव्हे. आम्हाला ते कळत होतं आणि आत कुठंतरी टोचतही होतं. पण किराणा दुकानात ती भेटली की आम्ही काय विचारायचो? थंडी काय म्हणते. ती म्हणायची, आहे. आम्ही म्हणायचो, हो ना. आणि निघून यायचो.

जानेवारीत कंपनीनं गिऱ्हाइकं परत आणायची मोहीम काढली. साठीच्या वरच्या प्रत्येकाला घरी कार्ड आलं: ‘तुमच्याविना आमची सकाळ अपुरी आहे.’ कार्ड दाखवा आणि महिनाभर फुकट कॉफी प्या. क्लॅरेन्स यॉर्गनसनलाही कार्ड आलं. क्लॅरेन्स कापणीच्या दिवसांत वारला होता. त्याची बायको एडिथ ते कार्ड घेऊन दुकानात गेली आणि म्हणाली, त्याच्याविना माझीही सकाळ अपुरी आहे, त्याची कॉफी द्या. व्हर्नानं तिला दोन दिल्या, आणि दुसरी थंड होईपर्यंत दोघी काउंटरला टेकून उभ्या होत्या म्हणे.

मॅग्नस म्हणाला, बोलावणं आलंय तर जायला पाहिजे. गेलो. त्या स्टुलांवर चढायला ऑर्व्हिलला दोघांनी खालून आधार दिला. सातही जण ओळीनं खिडकीकडे तोंड करून बसलो, कोंबड्या दांडीवर बसतात तसे. समोर पार्किंगमधलं बर्फ. शेजारच्याचं तोंड बघायचं तर मान मोडायची. कॉफी चांगली होती, गरम होती आणि फुकट होती, आणि कुणी हरलेलं नव्हतं. ज्यानं जन्मात स्वखुशीनं खिशात हात घातला नाही त्या ऑर्व्हिलनंसुद्धा अर्धा कप ठेवला. मला म्हणाला, “घशाखाली उतरत नाही रे. कुणाचं खाल्लंय तेच कळत नाही.” निघताना काउंटरवर पोरांच्या हॉकीसाठी ठेवलेल्या बरणीत आम्ही प्रत्येकानं कॉफीच्या किमतीपेक्षा जास्त टाकलं, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. परत कुणी गेलं नाही.

फुकट कॉफीनं लोक येत नाहीत म्हटल्यावर कोल्टननं काय करावं? फुकट बिस्किट जाहीर केलं. व्हर्नानं त्याला फोनवर सांगितलं म्हणे, की टेबल परत ठेवू द्या. तो म्हणाला, फर्निचर आराखड्याप्रमाणे आहे. तिनं विचारलं, आराखड्याला गुडघे आहेत का. त्यावर त्यानं तिला ‘तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे’ असं सांगून फोन ठेवला.

फेब्रुवारीतली गोष्ट. बाहेर उणे तीस, इंजिनं गोठू नयेत म्हणून ट्रक चालूच ठेवून आम्ही रिंकवर बसलेलो. दार उघडलं आणि एप्रनवर कोट चढवून व्हर्ना आत आली. आम्हाला वाटलं, आता ही विनवण्या करणार, आणि त्या कल्पनेनंच सगळ्यांना घाम फुटला. पण तिनं खुर्ची ओढली, ऑर्व्हिलला कोपरानं सरकवला आणि बसली.

“आकडा कुणाकडे आहे?”

मी हात वर केला.

“मीही बोलणार,” ती म्हणाली.

आता रीत म्हणजे रीत. नवा माणूस टेबलावर आला की कापायचा. माझ्या खुणा ठरलेल्या होत्या: कान खाजवला तर आकडा वरच्या टोकाला, गुडघा खाजवला तर खालच्या. मी कान खाजवला. सगळे खालचं बोलले. व्हर्ना सरळ आकड्यावर जाऊन आदळली. तिनं निमूट सगळ्यांचे पैसे टेबलावर ठेवले आणि कोटाची बटणं लावून निघून गेली. ऑर्व्हिलला इतका आनंद झाला, की त्यानं ती सॉसेजी कॉफी आणखी एक कप घेतली.

दुसऱ्या दिवशी ती आली. पुन्हा हरली. तिसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. नऊला यायची, हरायची, पाजायची, जायची. अहो, जी बाई बावीस वर्षं स्वतः नाडी चाचपत आली, तिला माझा कान दिसत नव्हता? चांगला दिसत होता. एकदा माझं मन द्रवलं आणि मी हात मांडीवर गप्प ठेवले, तर ती माझ्या गुडघ्याकडे असं रोखून बघायला लागली, की शेवटी मला तो खाजवावाच लागला.

पुढं पुढं त्यातली मजा जायला लागली. रोज तीच हरते म्हटल्यावर टिंगल तरी किती करणार? तिकडे तिचं दुकान रिकामं, मार्च अर्धा सरलेला, आणि ही इथं येऊन आम्हाला कॉफी पाजते. मॅग्नस कपाकडे बघत बसायचा. मुक्या चौघांपैकी एकानं तर चक्क तोंड उघडलं आणि म्हणाला की हे काही बरं दिसत नाही. ऑर्व्हिल म्हणाला, तिला हौस आहे. पण त्याचाही आवाज पडलेला होता. मला विचाराल तर मला स्वतःची लाज वाटत होती, आणि तिचा रागही येत होता. ही बाई नेहमीसारखी खेकसत का नाही, हेच मला सहन होत नव्हतं.

आणि मग एका गुरुवारी ती हरली, पैसे ठेवले, आणि उठली नाही.

“मॅग्नस,” ती म्हणाली, “हे छप्पर कुणाचं?”

“कर्लिंग क्लबचं.”

“क्लबात खेळ संपल्यावर काय रीत आहे?”

मॅग्नसनं कप खाली ठेवला. त्याला पुढचं दिसलं असावं. कर्लिंगमध्ये जो संघ जिंकतो त्यानं हरलेल्या संघाला आधी पाजायचं, ही रीत आमच्याकडे पोरांना दगड उचलता यायच्या आधी शिकवतात. खुद्द मॅग्नस एकदा पाहुण्या संघाला हरवून घाईत घरी गेला होता, तर भर वादळात ट्रक काढून त्यांच्या गावी गेला आणि त्यांना झोपेतून उठवून पाजून आला. हा किस्सा त्यानं आम्हाला इतक्या वेळा ऐकवलाय, की आम्हीही त्या ट्रकमध्ये होतो असं वाटतं.

“जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्याला पाजायचं,” मॅग्नस म्हणाला.

“मी इथं रोज येऊन हरतेय,” व्हर्ना म्हणाली. “आणि तुम्हा सात जणांपैकी एका मेल्यानंसुद्धा मला काही पाजलेलं नाही.”

ऑर्व्हिलनं मानेनंच भांड्याकडे खूण करून पाहिलं, की आहे की तिथं, घे. ती म्हणाली, त्यातलं मी घोड्यालाही देणार नाही. मी पिते ती रस्त्यापलीकडे, माझ्या दुकानात. मग ऑर्व्हिल वकिली करायला लागला. की ती रीत दगडांच्या खेळाची, आकड्याच्या नव्हे. की पाजायची म्हटलं तरी कुठं, ते पाजणाऱ्यानं ठरवायचं. की हरायला तिला कुणी बोलावलं नव्हतं. त्याचं सगळं बोलून होईपर्यंत मॅग्नसनं टोपी घातली होती.

“रीत छपराची असते,” मॅग्नस म्हणाला. “चला.”

पुढचं आधीच सांगून टाकतो. दुकान वाचलं. कट्टा परत बसला म्हटल्यावर ट्रकवाले आले, विमेवाला आला, बायका आल्या, आणि मार्चअखेर विक्री कंपनीला हवी तिथं पोचली. फुकट बिस्किटाची मोहीम यशस्वी झाल्याबद्दल कोल्टनला बढती मिळाली. त्यानं गावाला अभिनंदनाचं पत्रही पाठवलं. जुगाराचा कागद अजून व्हर्नाच्या सहीसकट कुठल्याशा कपाटात असेल. तो बघायला अजून तरी कुणी आलेलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या गुरुवारचं. आम्ही सातही जण थंडीत नाकं मुठीत धरून रस्ता ओलांडून गेलो. आत शिरलो तर गोल टेबल जागेवर. तिनं ते भंगारात दिलंच नव्हतं. स्वतःच्या गराजमध्ये उभं करून ठेवलं होतं, आणि मारिसेलच्या नवऱ्याच्या ट्रकमधून सकाळीच आणवलं होतं. स्टुलं मागच्या अंगणात बर्फात पडलेली दिसत होती. व्हर्ना येऊन आमच्यात बसली. तिला त्या बाजूला बसलेली मी कधीच पाहिली नव्हती. काउंटर नसेल तर हात कुठं ठेवायचे, ते तिला कळत नव्हतं. तिनं ते मांडीवर ठेवले, मग टेबलावर, मग परत मांडीवर.

आता सातांच्या वतीनं पाजायचं कुणी, हे ठरवायला आकडा आलाच. तो मारिसेलनं धरला. तिचा हात नाडीकडे जात होता की केसांकडे, ते ऑर्व्हिलला सोडून आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्याचा चष्मा थंडीतून आत आल्यावर वाफेनं भरला होता आणि पुसायला काढायची लाज. हरला. कितीतरी दिवसांनी आम्ही असे हसलो, की मुक्या चौघांतल्या एकाला ठसका लागला.

ऑर्व्हिल कुरकुरत उठला. पडद्यावर बोट लावून बघितलं, पडद्यानं त्याला तीनदा भाषा विचारली, तेव्हा एक शिवी हासडून तो सरळ काउंटरमागं गेला. मारिसेलनं त्याला अडवलं नाही. त्यानं कप घेतला, कॉफीची किटली उचलली, आणि तिथंच थांबला. मग त्यानं आमच्याकडे बघितलं. मॅग्नसनं माझ्याकडे बघितलं. मी त्या चौघांकडे बघितलं. बावीस वर्षं या बाईला आमच्यातल्या प्रत्येकाचं दूध-साखर पाठ, कुणाच्या हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर त्याची साय बंद करायची तेही डॉक्टरआधी तिला ठाऊक. आणि ती स्वतः काय घेते, हे आम्हा सातांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

“व्हर्ना,” ऑर्व्हिल म्हणाला. एवढ्या हळू बोलताना त्याला मी त्याच्या बायकोच्या दफनाच्या वेळीच ऐकलं होतं. “तुझ्यात काय घालू?”

ती टेबलाकडे बघत होती.

“मी कॉफी पीत नाही,” ती म्हणाली. “मला पित्त होतं. मी चहा घेते.”

आमच्यापैकी कुणाला हसू आलं नाही. ऑर्व्हिलनं किटली खाली ठेवली. फडताळं उघडून बघायला लागला, पहिलं, दुसरं, आणि तिसऱ्यात चहाचा डबा सापडल्यावर तो हातात धरून वळला.

“त्यात काय घालतेस?” त्यानं विचारलं, आणि आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.